फक्कीच्या भिंती

"मॅडम, हे दादाच्या कानावर जाता कामा नये," मोहनराव खराडे म्हणाले आणि स्वतःच उठून त्यांनी माझ्या ऑफिसचं दार लावून घेतलं.

ऑफिस म्हणजे सांगलीतल्या एका चष्म्याच्या दुकानावरची खोली. दार लावलं की आत भट्टी व्हायची. पण समोर बसलेला माणूस माझ्या आयुष्यातल्या पहिल्या बंगल्याच्या दोन मालकांपैकी एक होता, त्यामुळे मी घाम पुसत मान डोलावली. तोवर माझ्या नावावर एका दवाखान्याचं कंपाउंड आणि मामाच्या घरावर चढवलेला मजला, एवढीच वास्तुकला जमा होती.

"होम थिएटरच्या शेजारी आपण तो बार काउंटर काढलाय ना," मोहनराव आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं एक पाण्याची लाइन घ्या. सिंक पण. आणि असू दे आपली, एक गॅसची लाइन."

"बारला गॅस कशाला लागतो?"

"शेंगदाणे भाजायला."

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना स्वतःलाही ते पटलं नसावं, कारण लगेच त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"हे बघा, आज घरात सगळं गोडीत आहे. वहिनी मला आईच्या जागी. पण उद्याचं कुणी सांगितलंय? जावाजावांचं बिनसलं, तर राजश्रीला ऐन वेळी कुठं उभी करू? वापरायची नाहीच ती जागा. फक्त असलेली बरी."

"आणि नकाशात नाव काय लिहू?"

"बार काउंटरच लिहा. दादा माळकरी माणूस, त्या बाजूला फिरकायचा नाही."

खराड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. जयसिंगपूरच्या बाहेर त्यांचा ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना. वडील गेल्यावर संपतराव आणि मोहनराव या दोघा भावांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू केलं होतं, आणि मी त्यांना भेटले तेव्हा अर्ध्या तालुक्याचा ऊस त्यांच्या ट्रॉल्यांतून कारखान्यावर जात होता. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव ट्रॉल्यांसाठी कमी आणि दुसऱ्या एका गोष्टीसाठी जास्त घेतलं जायचं. खराड्यांची चूल एक होती. दोघे भाऊ, दोघी जावा, आणि पुण्याला शिकणारी मुलं सुट्टीत आली की तीही, सगळी एका पंगतीला जेवायची. मुली दाखवायला नेणारे लोक तेवढ्यासाठी त्यांचा दाखला द्यायचे.

चूल वेगळी झाली की पाठोपाठ कारखाना वेगळा होणार, हे त्या दोघा भावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत दोन चुलत घराण्यांचं तसंच झालेलं. म्हणून पहिल्याच बैठकीत संपतरावांनी मला बजावलं होतं, "मॅडम, बंगला कसाबी करा. लिफ्ट घाला, पोहायचा तलाव घाला, मोहनला सिनेमा बघायला खोली पाहिजे म्हंतोय ती बी घाला. पर चूल एकच. माझ्या घरात दुसरी चूल पेटली, त्या दिवशी मी जिवंत असून मेलो म्हणायचं."

बंगला बांधायला निघालेल्या माणसांचा एक काळ असतो, त्या काळात त्यांना कशालाच नाही म्हणवत नाही. दर आठवड्याला नवी मागणी यायची. कुणाच्या तरी लग्नात बघितलेलं झुंबर संपतरावांच्या मनात भरलं, तेव्हा हॉलचं छत दोन मजले वर गेलं. मोहनरावांना टाळी वाजवली की सरकणारे पडदे हवे होते. राजश्रीवहिनींना कपड्यांसाठी चालत आत जाता येईल असं कपाट. संपतराव प्रत्येक खोलीचं माप ट्रॉलीत विचारायचे. "ह्या हॉलात किती ट्रॉल्या उभ्या ऱ्हातील?" असं त्यांनी विचारलं की मी मनातल्या मनात हिशेब करून उत्तर द्यायची. पुढे पुढे मला तो हिशेब इतका अंगवळणी पडला की स्वतःच्या खोलीतही मी किती ट्रॉल्या मावतील ते बघायला लागले.

यातली एकही मागणी मालनवहिनींची नव्हती. मालनवहिनी म्हणजे संपतरावांची बायको, घरातली थोरली. "तुम्ही सगळी म्हणाल तसं," एवढंच त्या म्हणायच्या आणि चहा आणायला आत जायच्या.

तरी बंगल्यातली सगळ्यांत महागडी खोली त्यांच्यासाठीच होती. स्वयंपाकघर. त्या बाबतीत घरात एकमत होतं. "वहिनींच्या हाताला चव आहे," मोहनराव म्हणायचे. "असली चव सात तालुक्यांत न्हाई," संपतराव म्हणायचे. म्हणून त्यांना राजवाड्याला शोभेल असं स्वयंपाकघर द्यायचं ठरलं. मधोमध संगमरवरी ओटा, भिंतीत भट्टी, मसाल्यांना स्वतंत्र खोली. मी हौसेनं त्याची रंगीत चित्रं काढून नेली आणि त्यांच्या जुन्या घरात, कारखान्याच्या पाठीमागे, त्यांना दाखवायला बसले. त्या वेळी त्या भाकरी थापत होत्या.

"छान हाय," त्यांनी मान वळवून बघितलं. "चकचकीत हाय."

"ओट्याची उंची तुमच्या मापानं घ्यायची आहे. किती ठेवू?"

"जी उभी ऱ्हाईल तिच्या मापाचा कर, बाळ."

"तुम्हीच उभ्या राहणार ना?"

"व्हय की. दुसरं कोण ऱ्हातंय."

एवढं बोलणं होईपर्यंत दारात तीन माणसं येऊन गेली. एकाला चहा हवा होता, एकाला कारखान्यात न्यायला डबा, आणि स्वतः संपतराव फक्त आज काय केलंय ते विचारायला आले होते. मी टेप लावून उंची घेतली आणि निघाले. माझ्या हातात त्यांनी भाकरी आणि झुणका बांधून दिला. चव होती, यात काही वाद नाही.

मोहनराव येऊन गेल्यानंतर आठवडाभरात संपतरावांनी मला कारखान्यात बोलावून घेतलं. वेल्डिंगचा आवाज चालू असतानाच बोलायचं होतं, कारण आवाजात दुसऱ्याला ऐकू जात नाही. मलाही जात नव्हतं, म्हणून त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

"आमच्या बेडरूमच्या पाठीमागं ते स्टोअर हाय न्हवं? गाद्या ठेवायचं? त्यात एक कट्टा बांधा, आपला सैपाकाला असतोय तसला. धुराडं बी काढा. मोहनला कळू देऊ नका."

"स्टोअरला धुराडं?"

"पावसाळ्यात गाद्या शेकायला."

खोटं बोलण्यात दोघे भाऊ अगदी सख्खे होते. मला ते पटलेलं नाही हे बघून त्यांनी मला शेडबाहेर नेलं आणि एका अर्धवट ट्रॉलीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

"मोहनची बायको शिकल्याली हाय. आज ना उद्या तिला आपलं आपलं वाटणार, त्यात तिची चूक न्हाई. पर त्या दिवशी आमच्या हिनं दुसऱ्याच्या कट्ट्यावर जागा मागायची, हे मला बघवायचं न्हाई. लई राबलीया ती, मॅडम. तिच्यासाठी असू दे. पेटवायची न्हाईच."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. जिवंत असून मेलो वगैरे मला त्यांनीच ऐकवलं होतं. पण त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता आणि मला राग काही आला नाही. नकाशात मी स्टोअर हेच नाव ठेवलं.

राजश्रीवहिनी तिसऱ्या. त्या केक घेऊन आल्या. स्वतः केलेला, शेजारणीच्या ओव्हनमध्ये.

"आक्कांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. थोरल्या जावेला त्या आक्का म्हणायच्या. "पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या घरात कोथिंबीर निवडतेय. मी आमटी केली, तर हे दोघं एक घास घेतात, आणि मग ताट जरासं पुढं सारून आक्कांकडं बघतात. बोलत नाहीत काही. नुसतं बघतात. मग आक्का उठतात आणि दुसरी फोडणी घालतात."

"आक्का काय म्हणतात?"

"आक्का कधीच काही म्हणत नाहीत. तीच तर पंचाईत आहे. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं." त्यांनी केकचा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला. "मागं युटिलिटी काढलीय ना तुम्ही, वॉशिंग मशीन ठेवायची? तिथं मला एक छोटा कट्टा द्या. मशीनवर मशीन ठेवायला म्हणून सांगा."

केक उत्तम झाला होता. मी तसं म्हटलं, तर त्यांचे डोळे भरून आले, आणि मग त्या डोळे पुसत पुसत हसायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी नकाशा पसरून बसले. एकाच चुलीच्या या घरात आता चार चुली होत्या, त्यातल्या तीन टोपणनावानं राहत होत्या. प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी होती, प्रत्येकाला मालनवहिनींना दुखवायचं नव्हतं, आणि प्रत्येकाला आपणच एकटे कपटी आहोत असं वाटत होतं. हे बाहेर पडलं तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं. घर तर मोडेलच, बंगलाही मोडेल, आणि मी पुन्हा कंपाउंडं काढायला लागेन. म्हणून मी तोंड बंद ठेवून नकाशा मंजुरीला पाठवला. भिंती उभ्या राहिल्यावर बघू, असं मी स्वतःला समजावलं. भिंतींच्या आधी आखणी असते, हे माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीनं विसरायला नको होतं.

आखणी म्हणजे फक्कीनं घर जमिनीवर काढायचं. फक्की ही पांढरी पूड, मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ती. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या आणि दोऱ्यांवरून फक्की सोडत जायची, की काळ्या मातीवर अख्खा बंगला उमटतो. कुठं भिंत, कुठं दार, सगळं. मालक लोकांना कागदावरचा नकाशा कधीच कळत नाही, ते फक्त कळल्यासारखी मान हलवतात. आखणीच्या दिवशी त्यांना घर पहिल्यांदा दिसतं.

खराडे मंडळी सकाळीच आली. गुरुजींनी पूजा उरकली, नारळ फुटला. मालनवहिनींनी एका कोपऱ्यात तीन विटा मांडून मोठं पातेलं चढवलं होतं, मजुरांना शिरा द्यायचा म्हणून. जंबू चौगुले नावाचा आमचा कंत्राटदार फक्कीनं पांढरा होऊन सगळीकडे नाचत होता. मालकांवर छाप पाडायची म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळीच आखणी पुरी करून ठेवली होती.

"हे घर हाय?" संपतरावांनी बघता क्षणी विचारलं. "ह्यात तर आमची एक ट्रॉली वळायची न्हाई."

आखणीच्या दिवशी घर सगळ्यांनाच लहान दिसतं, वर छत नसतं आणि भोवती मोकळं रान असतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पण हळूहळू सगळे त्या रेघांत रमले. मोहनराव होम थिएटरमध्ये जाऊन मातीतच मांडी घालून बसले आणि समोर उसाच्या फडाकडे बघत राहिले. राजश्रीवहिनी आपल्या कपाटात चालत गेल्या, आत गिरकी घेतली आणि चालत बाहेर आल्या. संपतराव देवघरात शिरले ते चप्पल काढून. मोहनराव थिएटरमधून सरळ हॉलमध्ये आले, तर संपतरावांनी त्यांना थांबवलं.

"अरे, भिंतीतनं काय येतोयस? दार तिकडं हाय."

आणि मोहनराव, दोनशे कामगारांचा मालक, मागे फिरून दारातून आले. मला इतकं बरं वाटलं की मी जंबूला शाबासकी द्यायला वळले. तेवढ्यात तोच पुढे झाला.

"मालक, मी आनि एक काम केलंय," तो संपतरावांना मोठ्यानं म्हणाला. "पाइपांचा नकाशा बघून जितं जितं चूलपानी हाय तितं गोल मारून ठेवलाय. म्हंजी पाइप टाकताना घोटाळा नको. चार हाईत बघा."

"चार काय?"

"चुली."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा संपतराव मोहनरावांच्या बारमधल्या गोलाकडे बघत होते आणि मोहनराव संपतरावांच्या गाद्यांच्या खोलीतल्या.

"मोहन, ही कसली चूल?"

"शेंगदाण्याची. आणि दादा, तुझ्या बेडरूममागं कसली?"

"गाद्यांची."

यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी हसलं नाही. मोहनराव आपल्या बारमध्ये उभे राहून बोलायला लागले, संपतराव आपल्या स्टोअरमधून. मध्ये होम थिएटर, हॉल आणि देवघर, म्हणून दोघांनाही ओरडावं लागत होतं. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून चोरून चूल मांडलीस, असं एकाचं. चूल एक म्हणून जगाला सांगत फिरलास आणि आपली वेगळी आधीच मांडून बसलास, असं दुसऱ्याचं. त्यात युटिलिटीतला गोल कुणाचा हा प्रश्न निघाला आणि राजश्रीवहिनी रडायला लागल्या. मोहनराव तावातावानं दादांकडे निघाले.

"माझ्या खोलीत पाय टाकायचा न्हाई," संपतराव रेघेकडे बोट दाखवून म्हणाले.

मोहनराव रेघेवर थांबले. "कारखान्याचं पण आजच आखून घे मग," ते म्हणाले. "फक्की आहेच इथं."

मजूर खोरी धरून उभे होते. मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी त्या तीन विटांकडे वळल्या. मालनवहिनी उलथणं हातात धरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्या चालत आल्या. बारमधला गोल त्यांनी बघितला, स्टोअरमधला बघितला, युटिलिटीतला बघितला. मग वळसा घालून, दारातून, त्या आपल्या मोठ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

"वहिनी," मोहनरावांचा आवाज बसला होता, "चुकलं आमचं." त्यांनी बारमध्ये जाऊन आपला गोल बुटानं पुसून टाकला. ते बघून संपतरावांनी आपला पुसला, अनवाणी पायानं. राजश्रीवहिनी खाली बसल्या आणि त्यांनी पदरानं आपला पुसला. मला वाटलं, वाचलो. आणि मग मालनवहिनींनी पायानं आपला स्वतःचा गोल शांतपणे पुसायला घेतला. चांगला मोठा गोल होता, त्यांना बराच वेळ लागला.

"आता सैपाक कुठं?" जंबूनं विचारलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याचा प्रश्न बिनतोड होता.

"वहिनी, तुमचा तरी राहू द्या," मोहनराव म्हणाले. "तुमचं आहे ते."

"मला नको सैपाकघर," मालनवहिनी म्हणाल्या.

"अगं, रागावू नको..."

"रागानं न्हाई म्हणत. एक करा, चार करा. मला त्यात धरू नका."

"पर तुझ्या हाताला..."

"ती चवच माझ्या मुळावर आलीया," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, बाजारात भाजीचा भाव विचारावा तितका साधा होता. "चव हाय, चव हाय म्हणून तुम्ही मला चुलीला बांधून घातलं. राजश्रीनं केल्यालं चांगलं असायचं. मी खाल्लंय, मागनं, तुम्ही उठल्यावर. पर तुम्ही दोघं ताट सारून माझ्याकडं बघायचा. ताप असला तरी बघायचा. माझी आई गेली, त्याच्या चौथ्या दिवशी 'वहिनी, नुसती आमटी टाका' म्हणून ह्यो दारात उभा." त्यांनी मोहनरावांकडे बघितलं, मोहनरावांनी मातीकडे. "तुमचा जीव हाय माझ्यावर, मला काय कळत न्हाई व्हय? पर आता ह्या पोरीनं माझ्या उंचीचा संगमरवर आणायचा, आनि मी तिथंच उभ्या उभ्या मरायचं. मला नको."

त्यांची उंची मी घेतली होती, त्यांना काय हवंय हे मात्र विचारलं नव्हतं. ते मला तिथं उभी असताना कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

"मग काय पाहिजे तुला?" अखेर संपतरावांनी विचारलं. विचारता विचारताच, हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"खोली."

"खोली हाय की. आपली बेडरूम बघ केवढी..."

"ती आपली. मला माझी पाहिजे. आतनं कडी लागणारी."

"त्यात करणार काय?"

"ते आत्ताच कसं सांगू? बसल्यावर सुचंल की काहीतरी."

त्यांनी उलथणं राजश्रीवहिनींच्या हातात दिलं. जंबूच्या हातातून फक्कीचा डबा घेतला. मग त्या हॉलमध्ये गेल्या, थेट मध्यभागी, जिथं दोन मजले वर झुंबर लागणार होतं तिथं.

"तिथं नको, वर झुंबर हाय," संपतराव पुटपुटले.

"असू दे. उजेड पडंल."

वाकून त्या रेघ ओढायला लागल्या. दोरी नाही, खुंटी नाही. एक बाजू वाकडी गेली, दुसरी गरजेपेक्षा लांब झाली, कोपरे कुठे जुळले, कुठे नाहीत. जंबू मदतीला सरकला, त्याला मी हातानं मागं थांबवलं. चारी बाजू पुऱ्या झाल्यावर त्यांनी डबा बाहेर ठेवला, हात झटकले आणि आत मधोमध मांडी घालून बसल्या. उसाच्या फडाकडे तोंड करून.

तेवढ्यात शिरा करपल्याचा वास आला.

विटांकडे पळापळ झाली. संपतरावांनी पातेलं उघड्या हातानं धरलं आणि सोडलं. मोहनरावांनी त्यात पाण्याची अख्खी कळशी ओतायला घेतली, ती राजश्रीवहिनींनी वेळेवर हिसकावली. मग त्यांनी दोघांनाही बाजूला केलं, वरचा शिरा दुसऱ्या पातेल्यात काढला, खालचा खरवडला तसाच ठेवला, दूध शिंपडलं आणि मान वर करून हॉलच्या दिशेनं हाक मारली.

"आक्का, साखर किती घालू?"

"तुला वाटंल तेवढी," आतून उत्तर आलं.

राजश्रीवहिनी क्षणभर तशाच बसल्या. मग त्यांनी साखर घातली, अंदाजानं, मूठभर जास्तच. मजुरांनी खाल्ला. मोहनरावांनी घास घेतला, सवयीनं मान हॉलकडे वळवली, आणि बायको बघतेय हे लक्षात येऊन पटकन पुढचा घास घेतला. मग सगळं ताट संपवलं आणि आणखी मागून घेतला.

"चूल एकच राहू दे, मॅडम," राजश्रीवहिनी पातेलं खरवडत मला म्हणाल्या. "मशीनवर मशीन नको. पण कट्टा मोठा करा. आम्ही सगळी उभी राहू एवढा."

"सगळी म्हणजे?" मोहनरावांनी विचारलं.

"सगळी म्हणजे सगळी. एकाला भाकरी येत नसेल तर त्यानं कांदा चिरावा."

मोहनराव दादांकडे बघायला लागले आणि दादा आपल्या भाजलेल्या बोटांकडे. दोघांपैकी कुणी नाही म्हटलं नाही. मी तिथंच खाली बसून नकाशाच्या पाठीवर नवा ओटा काढायला घेतला. उंची कुणाची धरायची, हे यावेळी मी चौघांना विचारायचं ठरवलं होतं.

जंबूला मात्र चैन पडत नव्हतं. त्यानं हॉलमधल्या त्या वाकड्या खोलीला एक पूर्ण चक्कर मारली आणि टोपी काढून अदबीनं वाकला.

"वहिनी, दार ऱ्हायलंय. कुठं सोडू?"

"राहू दे," मालनवहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "घाई काय हाय."

मग संपतराव निघाले. एका ताटात शिरा घेतला होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. हॉलमध्ये शिरताना त्यांनी न चुकता दार धरलं. रेघेपाशी आले आणि थांबले. अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, पण दार नव्हतंच. भाऊ, भावजय, जंबू, मजूर आणि मी, सगळे बघत होतो. रेघ म्हणजे बोटभर फक्की, वाऱ्यानं अर्धी उडालेली.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

मालनवहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. थोडा वेळ विचार केला. घाई त्यांना खरंच नव्हती.

"ताट द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबा जरा. मी हाक मारते."

संपतरावांनी वाकून ताट रेघेवरून आत दिलं, तांब्या दिला, आणि ते बाहेर उन्हात उभे राहिले.